आधी केबल, मग मेनू

इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्या मित्रांकडून मला येणारे निरोप साधारण एकाच साच्यातले असतात. ‘स्नेअर गेला.’ ‘किक मधूनच मरते.’ ‘क्रॅशला काहीतरी झालंय.’ (स्नेअर आणि किक हे ढोल, क्रॅश ही झांज.) आणि लगेच पुढचं वाक्य, न चुकता: ‘मेनूत जाऊन सगळं बदलून बघितलं, काही फरक नाही.’ या दुसऱ्या वाक्याने माझं काम दुप्पट होतं. मूळ बिघाड एकच असतो, पण त्याच्यावर मेनूतल्या खटपटींचा थर चढलेला असतो. आधी तो उतरवायचा, मग खालचं काय ते बघायचं.

म्हणून माझा हट्ट असा की मॉड्यूलच्या, म्हणजे पॅड जोडलेल्या आणि आवाज काढणाऱ्या डब्याच्या, ट्रिगर सेटिंगला (टोला कसा ओळखायचा याच्या आकड्यांना) हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. कालपर्यंत नीट वाजणारं किट आज बिघडलं, तर रात्रीत कुणी मेनूतले आकडे बदललेले नसतात. बदललेलं असतं ते हाताने चाचपता येईल असं काहीतरी: केबल, जॅक, स्क्रू, फोम, जाळीचा ताण. मेनू समोर असतो, खुर्चीवर बसल्या बसल्या दाबता येतो, म्हणून सगळे तिकडे वळतात. केबल बघायची तर वाकावं लागतं.

पॅडच्या आत काय चालतं हे एकदा समजून घेतलं की निम्मी भीती जाते. बहुतेक पॅडमध्ये पितळेची पातळ चकती असते, साधारण २७ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाची, आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर. हाच पिझो. टोल्याने चकती किंचित वाकली की तिच्यातून क्षणभर व्होल्टेज निघतं. तिला बॅटरी लागत नाही, वीजपुरवठा लागत नाही. ते व्होल्टेज केबलमधून मॉड्यूलकडे जातं, मॉड्यूल त्याचं शिखर मोजतं, त्याला १ ते १२७ मधला एक आकडा देतं आणि त्या आकड्याप्रमाणे साठवलेला आवाज वाजवतं. म्हणजे आपण ऐकतो तो स्नेअर पॅडमधून येतच नाही. पॅड फक्त ‘आत्ता, इतक्या जोरात’ एवढंच सांगतं.

यावरून पहिला प्रश्न आपोआप ठरतो. पॅडवर टोला मारल्यावर मॉड्यूलवर काही हलतं का? बहुतेक मॉड्यूलवर टोल्याबरोबर लुकलुकणारा दिवा असतो किंवा ट्रिगरच्या पानावर वर-खाली होणारी पट्टी असते. ती हलतेय आणि आवाज नाही, तर पॅड, केबल, पिझो सगळं ठीक आहे. बिघाड पुढे, आवाज बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. ती हलतच नाही, तर हेडफोन आणि स्पीकर तपासण्यात वेळ घालवू नका, बिघाड मागे आहे. मला फोन करणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, आणि बऱ्याच जणांनी पट्टीकडे बघितलेलंच नसतं. कान वापरतात, डोळे नाही.

समजा पट्टी हलत नाही. मग अदलाबदल. स्नेअर गप्प असेल तर त्याच्या पॅडमधली केबल काढून शेजारच्या चालू टॉमची केबल त्यात लावा. आता स्नेअरच्या पॅडवर मारल्यावर टॉमचा आवाज आला, तर पॅड निर्दोष. केबल किंवा मॉड्यूलचं तोंड, म्हणजे केबल खोचायचं भोक, दोषी. नाही आला, तर पॅडच. केबल की तोंड हे ठरवायला स्नेअरची मूळ केबल पॅडला परत लावून मॉड्यूलच्या दुसऱ्या तोंडात घाला. पॅड, केबल, तोंड: तीनच आरोपी, आणि एका वेळी एकालाच हलवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुरू झाला, तर कशाने झाला ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तो परत बंद पडेल. माझ्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याला ही पद्धत फार संथ वाटते. तो सगळ्या पिना एकदम काढून एकदम लावतो. त्याचंही कधीकधी जमतं, कारण जॅकच्या आतल्या पत्र्यावर बसलेली काजळी घासली जाते. पण त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

काजळीचं मात्र खरं आहे. महिनोन्‌महिने एकाच जागी खोचलेली पिन आवाज तोडायला लागते. पिन जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवा, आत-बाहेर करा. खरखर येऊन आवाज परतला तर काँटॅक्ट क्लीनरचा हलका फवारा पिनेवर मारून ती आत-बाहेर करा. मॉड्यूल बंद असताना, आणि फवारा पूर्ण सुकल्यावरच सुरू करा. जॅकच्या भोकात थेट बाटली रिकामी करणारे लोक मी बघितले आहेत. आतल्या बोर्डाला तेवढी आंघोळ नको असते.

बऱ्याच किटमध्ये सगळ्या केबलांचा एकच जुडगा असतो आणि तो मॉड्यूलला २५ पिनांच्या रुंद कनेक्टरने जोडलेला असतो. इथे बिघाडाची तऱ्हा वेगळी असते. एकदम दोन-तीन पॅड बंद, किंवा एक पॅड मारलं की दुसऱ्याचा आवाज. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू न आवळता नुसताच खोचलेला असतो आणि मॉड्यूल तिरकं केलं की एक कड सुटते. तो काढून पिना उजेडात बघा. एखादी वाकलेली असेल तर बारीक चिमट्याने, अगदी सावकाश सरळ करता येते. जोर लावलात तर तुटेल, आणि मग अख्खा जुडगा बदलायचा.

केबलबद्दल आणखी एक, आणि हे प्रकरण मला फार वेळा भेटतं. पॅडची केबल आणि गिटारची केबल बाहेरून सारखीच दिसते, दोन्हीची पिन ६.३५ मिलिमीटरची. पण पिनेवर काळ्या कड्या किती ते मोजा. गिटारच्या पिनेवर एक कडी असते, म्हणजे दोनच वाटा. दोन झोनच्या पॅडला दोन कड्या आणि तीन वाटा लागतात: टोकावरून मधल्या भागाचा संदेश, मधल्या पट्टीवरून काठाचा, आणि बाकी ग्राउंड. सरावाच्या खोलीत एका ड्रमरची क्रॅशची केबल तुटली, गिटारवाल्याने आपली दिली. क्रॅश वाजायला लागला, पण नुसता ‘थप्प’. घुमणं नाही, शेपूट नाही. सगळे म्हणाले, सिंबलचा सेन्सर गेला. सेन्सर शाबूत होता. सिंबलच्या काठावर बहुतेक वेळा पिझो नसून दाबल्यावर मिटणारा स्विच असतो. त्याचाच उपयोग काठावर वाजवण्यासाठी आणि हाताने धरून आवाज तोडण्यासाठी होतो. गिटारच्या पिनेत मधली पट्टी नसल्याने तो स्विच मॉड्यूलच्या तोंडातच ग्राउंडला टेकतो. मॉड्यूलच्या दृष्टीने कुणीतरी सिंबल सतत धरूनच ठेवला आहे. मग घुमणार कसा?

दुसऱ्या कंपनीचं पॅड जोडतानाही असंच काहीसं होतं. रोलँड आणि यामाहा यांच्या तीन झोनच्या सिंबलांची आतली जोडणी एकसारखी नाही. घुमट (सिंबलचा मधला फुगीर भाग) वाजत नाही, काठ वाजत नाही म्हणून पॅड खराब ठरवू नका. आधी मॉड्यूलच्या यादीत त्या पॅडचा प्रकार निवडता येतो का बघा. सुरुवातीलाच मेनूत शिरायला मी परवानगी देतो ती या एका कारणासाठी, आणि तीही पॅड नवं असेल तरच.

आता दुसरी बाजू. पट्टी हलतेय, पण ऐकू येत नाही किंवा विचित्र ऐकू येतं.

यातला सगळ्यात मजेशीर बिघाड मी एका तालमीत बघितला. ड्रमर दुसराच होता, मी ऐकायला गेलो होतो. मॉड्यूलच्या हेडफोनच्या जॅकमधून एकच केबल थेट मिक्सरच्या एका चॅनलमध्ये लावलेली. टॉम ऐकू येत होते, क्रॅश येत होता, राइडही येत होती. किक आणि स्नेअर मात्र जवळजवळ गायब. नुसता त्यांच्या रिव्हर्बचा, म्हणजे मागच्या घुमण्याचा, धूर. ड्रमर किकच्या पॅडला लाथा घालत होता, सेन्सिटिव्हिटी (टोला किती मोठा मानायचा ते सेटिंग) वाढवून वाढवून शेवटच्या आकड्याला नेली होती. आणि गंमत म्हणजे हेडफोन लावला की सगळं झकास.

उत्तर केबलच्या पिनेवर होतं: दोन काळ्या कड्या. हेडफोनच्या जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज निघतात. मिक्सरच्या बॅलन्स्ड तोंडाला मात्र त्याच तीन वाटांवर एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन रूपांत अपेक्षित असतो, आणि ते तोंड एकातून दुसरा वजा करतं. बाहेरून शिरलेला गोंगाट कापायची ती युक्ती आहे. पण इथे त्याला मिळाले डावा आणि उजवा, आणि त्याने डाव्यातून उजवा वजा केला. जे दोन्हीकडे सारखं आहे ते शून्य. किक आणि स्नेअर बहुतेक किटमध्ये अगदी मधोमध ठेवलेले असतात, म्हणून ते गेले. टॉम आणि सिंबल डावी-उजवीकडे पसरलेले असतात, म्हणून ते उरले. मॉड्यूलच्या मागे ‘एल/मोनो’ असं लिहिलेलं तोंड असतं. त्यात एका कडीची साधी केबल लावली, दुसऱ्या तोंडात काहीच लावलं नाही, की मॉड्यूल स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करून पाठवतं. तसं केलं आणि किक अशी आली की बेसवाला दचकला, कारण सेन्सिटिव्हिटी अजून शेवटच्या आकड्यावरच होती.

याच कुळातले धाकटे बिघाड सांगून टाकतो. हेडफोन एकाच कानात वाजतोय, तर तो चुकून ‘एल/मोनो’मध्ये लावला आहे का बघा, किंवा छोट्या पिनेवर चढवलेला मोठा अडॅप्टर अर्धवट बसलाय का ते बघा, अडॅप्टर हे माझ्या मते या सगळ्या साखळीतलं सगळ्यात भिकार अपत्य आहे. लॅपटॉपच्या स्पीकरवर किक ऐकू येत नाही अशी तक्रार असेल तर तो बिघाडच नव्हे. किकचा पाया साधारण ५० ते १०० हर्ट्‌झमध्ये असतो आणि एवढ्याशा स्पीकरला तो उचलता येत नाही. गिटारच्या अँपवर किट लावून ‘आवाज डब्यातून येतो’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर: ते अँप गिटारच्या मधल्या पट्ट्यासाठी केलेलं असतं, सिंबलची वरची धार त्यातून बाहेरच पडत नाही.

घरघर हा वेगळा प्रकार. कोणी काही वाजवत नसताना मागे सलग ‘घूंऽऽ’ चालू असेल, तर ती विजेची वारंवारता आणि तिची पटीतली भावंडं आहेत. काही देशांत ५० हर्ट्‌झ, काहींत ६०. बहुतेक वेळा ती लॅपटॉप यूएसबीने जोडल्यावरच सुरू होते. लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप आहे: मॉड्यूल, लॅपटॉप आणि स्पीकर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला टेकलेत आणि त्यांच्यात एक नको असलेला फेरा तयार झालाय. सगळं एकाच बोर्डावर लावून बघा, नाही जमलं तर मॉड्यूल आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोघांमधली थेट विद्युत जोडणी तोडणारी डबी) घालून ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. कोणी हुशारीने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगेल. घरघर जाईलही. पण त्या पिनेचं काम घरघर थांबवणं नाही, तुम्हाला जिवंत ठेवणं आहे.

कॉम्प्युटरवरून आवाज घेणाऱ्यांची दोन दुखणी ठरलेली. एक, प्रत्येक टोला दोनदा ऐकू येतो, किंचित सरकून, जणू दोन ड्रमर शेजारी बसलेत. एक आवाज मॉड्यूलचा, दुसरा कॉम्प्युटरचा. मॉड्यूलमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा किंवा त्याचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. दोन, टोला आणि आवाज यांत अंतर पडतं. इथे आकडेमोड उपयोगी पडते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर १२८ नमुन्यांचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो गठ्ठा) म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे सुमारे १२, आणि १०२४ चा म्हणजे २३. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे तीन मिलिसेकंद म्हणजे स्पीकर एक मीटरभर लांब असल्यासारखं. कोणालाच जाणवणार नाही. तेवीस म्हणजे स्पीकर जवळपास आठ मीटर लांब, आणि तिथे हात गोंधळतात. शिवाय मॉड्यूल, यूएसबी आणि साउंड कार्ड आपापली भर घालतात ती वेगळी. ब्लूटूथ हेडफोन घालून ड्रम वाजवायचा विचार करत असाल तर सोडून द्या. त्यातली दिरंगाई बरेचदा १०० मिलिसेकंदांच्याही वर जाते, आणि तिच्यावर मॉड्यूलमध्ये इलाज नाही.

स्नेअरवर मारलं की कॉम्प्युटरमध्ये टाळी वाजते किंवा भलताच टॉम वाजतो, तेव्हा पॅड बिघडलेलं नसतं. पत्ता चुकलेला असतो. मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना टोल्यांचे आकडे कळवायची भाषा, १९८३ पासून आहे आणि १९९१ च्या जनरल मिडीच्या यादीत ड्रमसाठी क्रमांक ठरलेले आहेत: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट (पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी) ४२, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. काठांच्या आणि जादा झोनच्या बाबतीत मात्र प्रत्येक कंपनी आपलंच चालवते. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या मॉड्यूलचा नकाशा निवडला की प्रश्न संपला.

आता त्या विषयाकडे, ज्यासाठी मेनूत शिरणं भाग पडतं, आणि तिथेही मी आधी पॅडकडेच बघायला लावतो. भुताचे टोले. एकदा मारलं आणि दोनदा वाजलं, किंवा मारलं एकावर आणि वाजलं दुसऱ्यावर.

१९८१ साली सिमन्स कंपनीचे षटकोनी पॅड आले तेव्हा त्यांचा पृष्ठभाग इतका कडक होता की ड्रमरच्या मनगटांच्या तक्रारी सुरू झाल्या. १९९७ मध्ये रोलँडने जाळीची पॅड आणली, ड्रमची पानं बनवणाऱ्या रेमो कंपनीबरोबर तयार केलेली. मनगटं सुखावली, आवाजही कमी झाला. पण जाळी झुलते. कडक रबर एकदा दणकून गप्प होतं. सैल जाळी टोल्यानंतर कितीतरी वेळ थरथरत राहते, आणि पिझोला थरथर आणि टोला यांत फरक कळत नाही. म्हणून डबल वाजणाऱ्या स्नेअरवर माझं पहिलं औषध म्हणजे ड्रमची चावी. समोरासमोरच्या बोल्टांना थोडा थोडा ताण देत जा, एकाच बाजूने गोल गोल फिरू नका. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर जाळी थोडीच खाली जायला हवी आणि कडेने सगळीकडे ताण सारखा लागायला हवा. बऱ्याच किटमधली दुहेरी टोल्यांची तक्रार इथेच संपते, आणि संपली की मालक थोडे नाराज होतात. त्यांना काहीतरी भारी निदान हवं असतं.

जाळीच्या खाली मधोमध फोमचा शंकू असतो, त्याच्या तळाशी पिझो. शंकूचं टोक जाळीला हलकं टेकलेलं हवं. वर्षानुवर्षं मार खाऊन तो दबतो, आणि मग हळू वाजवलेले टोले हरवायला लागतात. जोरात मारल्यावर जाळी खाली जाऊन शंकूला भिडते आणि तेवढ्यापुरता आवाज येतो. याची खूण पक्की आहे: घोस्ट नोट (अगदी हळू टोले) मेल्यात, पण फोर्टे (जोराचे) शाबूत. लोक सेन्सिटिव्हिटी वाढवतात. मग फोर्टे सगळे १२७ ला जाऊन चिकटतात आणि घोस्ट नोट तरीही येत नाहीत. शंकू बदलायला हवा, निदान त्याच्या तळाखाली पातळ फोमची चकती घालून त्याला वर आणायला हवं. आणि अगदी मधोमध मारल्यावरच आवाज फाटल्यासारखा मोठा येतो, ही तर शंकूच्या रचनेचीच देणगी. ज्या किटमध्ये शंकू ऐन मध्यावर आहे तिथे ती कधीच पूर्ण जात नाही. मी काडी इंचभर बाजूला मारायला शिकलो आणि विषय सोडून दिला.

एवढं करूनही डबल वाजतंय? मग या मेनूत. एका टोल्याची लाट पिझोतून निघाली की मॉड्यूल काही मिलिसेकंद थांबून तिचं शिखर शोधतं. तो स्कॅन टाइम. तो फार कमी ठेवला तर शिखर येण्याआधीच मोजमाप होतं आणि सारख्या जोराचे टोले कमी-जास्त वाजतात. त्यानंतर ठरावीक काळ मॉड्यूल डोळे मिटून घेतं, म्हणजे उरलेल्या थरथरीला टोला समजू नये. तो मास्क टाइम. डबल वाजलं की लोक मास्क वाढवत सुटतात. थांबा. १२० च्या लयीत एका मात्रेचे चार टोले वाजवले तर त्यांच्यात १२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, आठ वाजवले तर साडेबासष्ट. इथवर ठीक. पण फ्लॅममधले, म्हणजे एका लहान टोल्याला चिकटून मोठा मारतात त्यातले, दोन टोले कधी ३० मिलिसेकंदांच्या आसपासच येतात, आणि मास्क ४० असेल तर दुसरा, म्हणजे नेमका मोठा टोला गिळला जातो. मग ‘माझे फ्लॅम येत नाहीत’ अशी नवी तक्रार जन्माला येते. म्हणून मी मास्क दोन-दोनने वाढवतो, आणि प्रत्येक वेळी फ्लॅम वाजवून बघतो. मॉड्यूलमध्ये ‘रिट्रिगर कॅन्सल’ असेल तर मास्कच्या आधी ते थोडं वाढवावं; ते घड्याळाकडे न बघता लाटेच्या आकाराकडे बघतं.

किकचं डबल वाजणं मात्र पुष्कळदा पायातून येतं. बीटर पॅडवर दाबून धरायची सवय असेल तर तो तिथे थरथरतो, आणि प्रत्येक थरथर म्हणजे मॉड्यूलला नवा टोला. खऱ्या ड्रमवर हे खपून जातं, कारण तिथे ती थरथर किकच्या मोठ्या आवाजात बुडून जाते. पेडलच्या स्प्रिंगचा ताण थोडा वाढवा आणि टोला मारून बीटरला मागे येऊ द्या.

दुसरं भूत: स्नेअर मारला, टॉम वाजला. दोघांचं हाड एकच, रॅक, म्हणजे सगळी पॅड धरणारा सांगाडा. ते रॅकमधून येतंय का हे बघायची सोपी चाचणी आहे. टॉम रॅकवरून काढा, केबल तशीच ठेवा, टॉम हातात धरा आणि स्नेअर वाजवा. टॉम गप्प झाला तर कंप रॅकमधून येत होता. तरीही वाजतोय तर केबल किंवा कनेक्टर बघा. रॅकचा दोष असेल तर आधी सगळे क्लँप आवळा; सैल क्लँप खडखडतो, आणि खडखड पिझोला आवडते. मग त्या टॉमचा थ्रेशोल्ड (याहून हळू टोल्याकडे मॉड्यूल दुर्लक्ष करतं ती मर्यादा) एक-एक पायरी वर न्या, हळूत हळू टोला वाजतो तोवरच. त्यानंतर क्रॉसटॉकचं, म्हणजे एका पॅडचा कंप दुसऱ्यावर न मोजण्याचं, सेटिंग. एक तिसरी शक्यता लोकांच्या डोक्यात येत नाही: शेजारचा मोठा मॉनिटर स्पीकर. त्याच्या खालच्या सुरांनी किकचं पॅड थरथरतं, किक वाजते, ती परत स्पीकरमधून येते. व्हॉल्यूम खाली करून बघा. भूत पळालं तर स्पीकर सरकवा.

हाय-हॅट हा माझ्या मते किटमधला सगळ्यात रुसका अवयव. पेडल किती दाबलंय हे तो सतत सांगत असतो, मिडीच्या भाषेत कंट्रोलर क्रमांक ४, शून्य ते १२७. नेहमी बंदच वाजते किंवा कधीच पूर्ण बंद होत नाही, म्हणजे या पट्ट्याची दोन टोकं मॉड्यूलला चुकीची कळलेली आहेत. काही किट सुरू होताना पेडलची त्या क्षणाची जागा ‘उघडी’ म्हणून धरतात. पाय पेडलवर ठेवून स्विच दाबलात की पुढची तालीम संपेपर्यंत हाय-हॅट वेड्यासारखी वागणार. पाय उचला, बंद करा, चालू करा. तरी नाही जमलं तर कॅलिब्रेशन, आणि त्याआधी स्टँडवर वरचा सिंबल धरणाऱ्या क्लचची उंची. वरचा सिंबल स्क्रू सैल होऊन खाली घसरलेला असतो.

सेन्सिटिव्हिटीबद्दल राहिलंच. सगळे टोले एकाच जोराचे, मशीनगनसारखे वाजत असतील तर कॉम्प्युटरवर मिडी मॉनिटर उघडून आकडे बघा. मध्यम टोलाही १२७ दाखवत असेल तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक अशा किटची कहाणी एकच होती: हेडफोनचा आवाज कमी पडत होता, आणि व्हॉल्यूमऐवजी सेन्सिटिव्हिटी वाढवली गेली होती. तुमचा खरोखरचा सगळ्यात जोराचा टोला १२० च्या पुढे जाईल आणि बाकी सगळं त्याच्या खाली पसरेल, इतपत ठेवा. कर्व्ह, म्हणजे टोल्याच्या जोराचा आकडा ठरवणारी रेषा, सरळ राहू द्या.

फॅक्टरी रीसेटचा सल्ला ज्याला त्याला दिला जातो. त्याआधी आपली मॉड्यूलमध्ये साठवलेली सेटिंगं यूएसबीवर उतरवून घ्या, नसेल जमत तर ट्रिगरच्या पानांचे फोटो काढा. बस, त्याबद्दल एवढंच.

आणि अदलाबदलीत दोष शेवटी पॅडचाच निघाला, तर ते उघडा. आधी चकतीवर आलेल्या दोन बारीक तारा बघा. त्यांतली एखादी सोल्डरच्या टाक्यातून सुटलेली सापडण्याची शक्यता चांगली आहे. मल्टिमीटरने पिझोचा रोध मोजू नका, तो चांगला असला तरी अनंतच दाखवतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चकतीवर बोटाने टिचकी मारा, आकडा उडी मारतो का बघा. केबलसाठी मात्र कंटिन्युइटीची बीप, आणि बीप चालू असताना पिनेजवळ केबल वाकवून बघायची. तार परत जोडताना सिरॅमिकवर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवून बसू नका: दोन-तीन सेकंदांत टाका लागला पाहिजे, नाहीतर वरचा चांदीचा थर उचकटतो. चकती बदलायचीच वेळ आली तर तेवढ्याच व्यासाची घ्या आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपवर बसवा, कडक गोंदावर नको. नवी चकती जुनीपेक्षा जोरात बोलू शकते, तेव्हा त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी पहिल्यापासून लावून घ्या, आणि शेजारच्या टॉमवर तिचं भूत उमटत नाही ना तेही बघा.